रक्तदाब मोजला, पुढे काय?

गणेशोत्सव असो, नवरात्र असो की स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस, नाशिकमध्ये मोफत आरोग्य तपासणी शिबिराचा मांडव पडतोच. सिडकोपासून पंचवटीपर्यंत रांगा लागतात. दंडाला पट्टा बांधला जातो, बोटाला सुई टोचली जाते आणि आकडे लिहिलेली चिठ्ठी घेऊन माणूस घरी जातो. तिथे ती विजेच्या बिलांच्या फायलीत जाऊन पडते. १६०/१०० हा आकडा पाहून तो डॉक्टरकडे गेला का, गोळी सुरू झाली का, तीन महिन्यांनी रक्तदाब उतरला का, हे मांडव घालणाऱ्याला कधीच कळत नाही.

आजार किती पसरला आहे, याबद्दल आता शंका उरलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. हे दोन्ही आजार वर्षानुवर्षे दुखत-खुपत नाहीत. अनेकांना त्यांचा पत्ता लागतो तो थेट अर्धांगवायूने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने.

म्हणजे शिबिरे वाढवावीत? उत्तर इतके सरळ नाही. डेन्मार्कमध्ये ३० ते ६० वयोगटातील सुमारे ६० हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला तपासणीला बोलावून पाच वर्षे सल्ला दिला, दुसऱ्याला काहीच कळवले नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सरसकट आरोग्य तपासणीवरील इतर चाचण्यांचा एकत्रित आढावाही असेच सांगतो. तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. डेन्मार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिकाला आधीपासूनच स्वतःचा फॅमिली डॉक्टर आहे. न बोलावलेल्या गटाचा रक्तदाबही तिथे कोणीतरी मोजतच होते. आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

पाठपुरावा झाला तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे आपले चार जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तिथे नवे औषध शोधले गेले नाही. स्वस्त गोळ्यांचा एकच ठरलेला क्रम, त्यांचा अखंड पुरवठा, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि तारखेला न आलेल्या रुग्णाला निरोप, एवढ्यावर काम उभे राहिले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली.

तो उपक्रम सरकारी दवाखान्यांचा. नाशिक शहरातला माणूस मात्र सर्दी-खोकला झाला की आधी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारा कामगार आणि दुकानाचा गल्ला न सोडणारा व्यापारी हृदयासाठी वेगळी वेळ काढणार नाही, पण तापाच्या गोळीसाठी वर्षातून दोन-तीनदा तरी त्या खुर्चीत बसतो. तपासणीची खरी जागा ती खुर्ची आहे. तिशी ओलांडलेला माणूस कोणत्याही कारणाने आला, तरी त्याचा रक्तदाब, कंबरेचा घेर, तंबाखू-मिश्रीची सवय आणि आईवडिलांचा मधुमेह एवढे केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे. गरज वाटली तर उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल. तपासणीनंतर तोच डॉक्टर पुन्हा भेटणार असतो. शिबिरात ते शक्य नाही.

कंबरेचा घेर कशाला, असे वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की आपल्याकडची माणसे दिसायला सडपातळ असली तरी शरीरातली चरबी जास्त असू शकते. म्हणून वजनकाटा फसवतो. पुरुषाचा घेर ९० आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर साखर तपासायला हवी. त्यासाठी लागते ती शिंप्याकडची टेप.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. बाहेर पंधरा जण ताटकळत असताना पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाठ टेकवून, न बोलता दोनदा रक्तदाब घ्यायचा कधी? त्याचे वेगळे पैसेही कोणी देत नाही. पण हे मोजमाप शिकवलेला मदतनीस बाहेरच्या बाकावर करू शकतो. ते शिकवण्याची सोय करणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. अॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या या शाखा त्याच्याच छत्राखाली येतात. महापालिकेने खासगी दवाखान्यांना साधी नोंदवही आणि प्रमाणित यंत्रे द्यावीत, आणि ज्यांना औषध परवडत नाही त्यांना महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या मिळण्याची वाट मोकळी करावी. शिबिरांवरचा थोडा खर्च इकडे वळवला तरी सुरुवात होईल. ज्यांना शिबिरे घ्यायचीच आहेत त्यांनी एक अट स्वतःवर घालून घ्यावी: ज्याचा आकडा जास्त निघेल, तो पंधरा दिवसांत कोणत्या डॉक्टरकडे गेला, हे विचारल्याशिवाय शिबिर संपले असे समजू नये.

वाचकांच्या हातातही काही आहे. पुढच्या वेळी खोकल्यासाठी दवाखान्यात जाल, तेव्हा ‘डॉक्टर, माझा रक्तदाब बघता का?’ एवढे विचारा. एकदा जास्त आला तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर ‘मला काही होत नाही’ म्हणून टाळू नका. आणि गोळी सुरू झाली, तर बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नका. बरे वाटते, ते बहुधा त्या गोळीमुळेच.