दिवाणखान्यातील कळफलक

दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेल्या संगणकावर चित्रपट पाहता पाहता अनेक घरांत बँकेचे व्यवहारही होऊ लागले आहेत. त्यामुळे त्यासाठी बिनतारी कळफलक निवडताना केवळ किंमत पाहणे पुरेसे नाही.

कळफलकावरील प्रत्येक अक्षर रेडिओलहरींद्वारे संगणकाकडे जाते. आठ कंपन्यांचे काही स्वस्त कळफलक ही अक्षरे कूटबद्ध न करताच पाठवतात, असे अमेरिकेतील ‘बॅस्टिल’ या संगणक-सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये दाखवून दिले. अशी अक्षरे, अर्थात पासवर्डसुद्धा, सुमारे ७५ मीटरवरून टिपता येतात.

म्हणून खोक्यावर ‘१२८-बिट एईएस’ असा उल्लेख आहे का, हे प्रथम पाहावे. ब्लूटूथ कळफलकात कूटबद्धतेची सोय अंगभूतच असते. मात्र संगणक सुरू होत असताना तो बहुधा चालत नाही.

सोयीच्या दृष्टीने टचपॅड जोडलेला कळफलक घ्यावा. तो मांडीवर ठेवता येतो व माउससाठी मेज लागत नाही. त्याचा रिसीव्हर टीव्हीमागे न खोचता छोट्या यूएसबी वायरीने पुढे आणावा, म्हणजे अक्षरे गळत नाहीत.

तिजोरीची किल्ली कोणी उघड्यावर ठेवीत नाही. पासवर्डलाही तोच न्याय लावावा.