१४४०पी पीसी की कन्सोल? आधी रॅमचा भाव बघा

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. "दादा, इंटर्नशिपचे साठ हजार जमलेत. पीएस५ घेऊ की पीसी बांधू? पण पीसी घेतला तर १४४०पी पाहिजेच." दोन वर्षांपूर्वी मी डोळे मिटून पीसी म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, थांब जरा, हिशेब करू.

कारण रॅम. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप्स इतक्या लागायला लागल्या की कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आणि २०२५ च्या अखेरीस आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पीसीत रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड या तिन्हींमध्ये मेमरी असते. म्हणजे खिशाला तीन ठिकाणी कात्री.

कन्सोल तरी स्वस्त होतोय का? नाही. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या अखेरीस त्याची किंमत ५४,९९० झाली. एरवी जुनी वस्तू स्वस्त होते, इथे उलटंच!

आता रिझोल्यूशन. १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख आणि फोर-के म्हणजे ८३ लाख. हे सगळे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. मॉनिटर बदलणं सोपं असतं, पण त्याला पुरेसं खाऊ घालणारं कार्ड महाग पडतं. मी स्वतः हा मार खाल्लाय. हौसेने फोर-के मॉनिटर आणला, कार्ड मात्र मधल्या दर्जाचं. दोन महिने सेटिंग्जशी झटापट केली आणि शेवटी १०८०पीवरच खेळत बसलो. कन्सोलही इथे थोडी हातचलाखी करतो बरं का. खोक्यावर फोर-के लिहिलेलं असलं, तरी बरेच गेम आतून कमी पिक्सेलवर चालतात आणि चित्र मोठं करून टीव्हीला पाठवतात. पण आठ-दहा फुटांवर सोफ्यात बसल्यावर ते फारसं कळत नाही. डेस्कवर, दोन फुटांवरून, लगेच कळतं.

पीसीच्या बाजूनेही बोलायला हवं. ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. पीएस५वर विकतच्या बहुतेक गेम्सना ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लस लागतंच. स्टीमच्या सेलमध्ये जुने गेम मातीमोल मिळतात. आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळायचा असेल तर विषयच संपला, तो फक्त पीसीवर आहे.

मी भावाला विचारलं, "तू खेळणार काय?" "फुटबॉल. आणि जीटीए ६." त्या गेमची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६, आणि घोषणा फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. आधीचा अनुभव बघा: जीटीए ५ कन्सोलवर २०१३ ला आला, पीसीवर २०१५ ला. रेड डेड रिडेम्प्शन २ लाही पीसीवर यायला वर्ष लागलं.

कॉलेजच्या कामाला त्याच्याकडे लॅपटॉप आहे. हॉलमध्ये फोर-के टीव्ही आहे. साठ हजारांत आज धड १४४०पी पीसी बसत नाही. ओढूनताणून बांधला तर कार्डावर काटकसर होणार आणि माझ्यासारखी गत. लॅपटॉप नसता तर मी त्याला १०८०पीचा साधा पीसी घे म्हटलं असतं, पुढे कार्ड बदलता येतं. पण त्याला सांगितलं, कन्सोल घे, आणि उरलेल्या पाच हजारांत दुसरा कंट्रोलर बघ.

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, ते ठीक आहे. पण सात ते दहा टीव्ही आईच्या मालिकांचा असतो. तिच्याशी तूच बोल."