डाव्या पायाचा प्रश्न

मोटारगाडीचा गिअर माणसाने बदलावा की यंत्राने, हा वाद वरवर पाहता सुखवस्तूंच्या दिवाणखान्यातला वाटतो. नवी गाडी घेण्याचा विचार निघाला की घराघरांत त्याला तोंड फुटते. ज्याला क्लच सोडता येत नाही त्याला गाडी येते असे म्हणूच नये, असे वडील ठणकावतात. कार्यालयात पोचेपर्यंत शंभर वेळा क्लच दाबण्यात कसले आले आहे कौशल्य, असे मुलगी विचारते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते आणि विक्रेता दोघांनाही मान डोलावून मोकळा होतो. परंतु ज्याचा डावा पाय दिवसाचे आठ तास क्लचवर असतो त्या माणसाचा या वादात सहसा उल्लेख होत नाही. ज्या कायद्याने रस्त्यावरच्या सर्वांच्या जिवाची काळजी वाहायची, त्या कायद्याचे या बदलाकडे लक्ष गेल्याचेही दिसत नाही. आपणहून गिअर बदलणाऱ्या गाड्या आता इतक्या वाढल्या आहेत की हा विषय केवळ आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही.

मुळात गिअर लागतो तो इंजिनाच्या एका स्वाभाविक उणिवेमुळे. पेट्रोलचे वा डिझेलचे इंजिन ठराविक गतीने फिरत असतानाच पुरेसा जोर देते; फारच सावकाश फिरू लागले तर ते बंद पडते. चाकांना मात्र जागच्या जागी उभे राहण्यापासून भरधाव धावण्यापर्यंत सगळे वेग हवे असतात. ही सांगड लहानमोठ्या दंतचक्रांनी घातली जाते आणि एका चक्रावरून दुसऱ्यावर जाताना इंजिन व चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तो तोडण्याचे साधन म्हणजे क्लच. दोन चक्रांच्या गती आपोआप जुळवून घेणारी सोय १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत आली. त्यापूर्वी चालकाला कानाने अंदाज घेत एकेका गिअरसाठी दोनदा क्लच दाबावा लागे. आपल्याकडच्या जुन्या मालमोटारींवर हात बसलेल्या चालकांना या ‘डबल क्लच’ची आठवण अजून असेल. पुढे जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत गिअर बदलण्याचे काम संपूर्णपणे यंत्राकडे सोपवले. त्या यंत्रणेत इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जात असल्याने काही शक्ती वाया जाई व इंधन जास्त लागे. पेट्रोल स्वस्त असलेल्या अमेरिकेला त्याचे काही वाटले नाही. भारतासारख्या देशाला मात्र ती चैन परवडण्यासारखी नव्हती.

तरीही गिअर न बदलता वाहन चालवण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तो मोटारीने नव्हे, दुचाकीने दिला. १९७२ साली पुणे परिसरातून दोन वाहने बाजारात आली. एक बजाजची चेतक स्कूटर. तिचा गिअर डाव्या हाताच्या मुठीत असे आणि क्लच दाबून मूठ फिरवण्याची कला साधल्याखेरीज ती रस्त्यावर काढता येत नसे. दुसरी कायनेटिकची लूना. तिला गिअरच नव्हता. लूनाची चेष्टा पुष्कळ झाली. ती शिक्षिकांची, कारकुनांची आणि निवृत्तांची गाडी ठरली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या कायनेटिक होंडाने तीच सोय स्कूटरला दिली आणि बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोयही आणली. या चेष्टेकडे दुर्लक्ष करून ज्या हजारो स्त्रिया या वाहनांवर बसल्या, त्यांच्यामुळे पुण्यासारख्या शहरांचे रूपच बदलले. नोकरी, शिकवणी, मुलांची शाळा, दवाखाना यांसाठी वडिलांची वा नवऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मूठ फिरवण्याची कला आली नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. यंत्राने कौशल्याचा एक भाग स्वतःकडे घेतला की काही लोक हळहळतात; पण जे कालपर्यंत दाराबाहेर थांबले होते त्यांना त्याच क्षणी आत येता येते, हा या इतिहासाचा धडा आहे. डावा पाय अधू असलेल्या माणसाला दोन पेडलांची मोटार किती मोलाची असते, हे वेगळे सांगायला नको.

मोटारीच्या बाबतीत ही वेळ २०१४ साली आली. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओ या लहान गाडीत जी यंत्रणा बसवली ती अगदी साधी होती. गिअरची पेटी जुनीच, क्लचही जुनाच. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर सरकवण्याचे काम माणसाच्या हातापायांऐवजी विद्युत नियंत्रणाखालील उपकरणे करू लागली. त्यामुळे इंधनाचा अपव्यय टळला आणि किमतीतला फरकही सुमारे अर्ध्या लाखाच्या आसपास राहिला. पगारदार माणसाच्या आवाक्यात ही सोय येण्याचे श्रेय या काटकसरीच्या तोडग्याला आहे. विजेच्या गाड्यांनी तर प्रश्नच मोडीत काढला. विजेची मोटर स्थिर अवस्थेपासूनच जोर देते, त्यामुळे पायरीपायरीने गिअर बदलण्याची गरजच तिथे उरत नाही.

असे असले तरी जुन्या पद्धतीचा कैवार घेणाऱ्यांना हटवादी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्यांचे दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला घाटाचा. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा नियम बोरघाटात, खंबाटकीत वा आंबेनळीत गाडी घालणाऱ्या प्रत्येक जुन्या चालकाला पाठ असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो. डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून, न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याची खोड किती घातक आहे हे परिवहन अधिकारी व पोलीस वारंवार बजावत आले आहेत. आपणहून गिअर बदलणाऱ्या बहुतेक गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. पण दांडा ‘डी’वर ठेवून विसरून जाण्याचीच सवय ज्याला लागली, त्याला ती सोय असल्याचे उतारावर आठवेल याची खात्री देता येत नाही. दुसरा मुद्दा पायाच्या चुकीचा. क्लचच्या गाडीत गडबडलेल्या माणसाच्या हातून बऱ्याचदा इंजिनच बंद पडते आणि अनर्थ टळतो. दोन पेडलांच्या गाडीत ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी उसळून पुढे जाते. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाकडून हीच चूक झाली आणि रस्ता ओलांडणारी एक तरुण माता व तिची लहान मुलगी प्राणास मुकली. तेव्हा नवी गाडी सोपी आहे म्हणजे तिला शिक्षणच नको, हा समज धोक्याचा आहे. तिला निराळे शिक्षण हवे.

नेमक्या याच ठिकाणी आपला कायदा मागे पडला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १० व्या कलमात परवान्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यात गिअर असलेली मोटारसायकल व गिअर नसलेली मोटारसायकल हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. मोटारीला मात्र ‘हलके मोटार वाहन’ हा एकच शब्द पुरतो. म्हणजे दुचाकीच्या गिअरची कायद्याला जेवढी जाणीव आहे तेवढीही चारचाकीच्या गिअरची नाही! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५ व्या नियमानुसार उतारावर चटकन खालचा गिअर टाकता येणे, तसेच चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा सुरू करता येणे, या गोष्टी परीक्षेत पाहायच्या असतात. पण दोन पेडलांच्या गाडीवर परीक्षा दिलेल्या उमेदवाराला मिळणारा परवाना आणि तीन पेडलांच्या गाडीवर परीक्षा दिलेल्याला मिळणारा परवाना यांत काडीचाही फरक नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक वाहनही चालवता येते. रोजगाराच्या दृष्टीने तो निकाल स्वागतार्हच होता. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो, की ज्याने आयुष्यात कधी क्लच दाबलेला नाही असा माणूस उद्या भाजीने भरलेला टेम्पो घेऊन कायदेशीरपणे घाट उतरू शकतो.

इतर देशांनी यावर तोडगा काढलेला आहे. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही तशाच गाडीपुरता मिळतो. जपानने १९९१ पासून असा मर्यादित परवाना सुरू केला. जर्मनीने १ एप्रिल २०२१ पासून अधिक शहाणपणाची वाट शोधली: परीक्षा स्वयंचलित गाडीवर द्या, पण क्लचच्या गाडीवर किमान दहा तास शिकून शिक्षकासमोर छोटी चाचणी दिलीत तर दोन्ही गाड्या चालवा. आपल्याकडे परवान्यावर अशी एक नोंद वाढवायला नवी खाती उघडावी लागणार नाहीत आणि कोणाचा रोजगारही बुडणार नाही.

आता त्या डाव्या पायाकडे वळले पाहिजे. शहरातल्या एखाद्या बसमार्गावर ४० थांबे आहेत असे धरले, तर प्रत्येक थांब्याला बस उभी करताना एकदा, निघताना एकदा व पुढचे दोन गिअर टाकताना दोनदा, असा किमान चार वेळा क्लच दाबावा लागतो. एका फेरीला हे १६० वेळा झाले. सहा फेऱ्यांना ९६० वेळा. सिग्नल, खड्डे, आडवे येणारे रिक्षावाले व वाहतुकीची कोंडी यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. ज्याच्या गुडघ्यावर व कमरेवर हा भार वर्षानुवर्षे पडतो, त्याच्या हाती पन्नास-साठ प्रवाशांचे प्राण असतात. लंडनने आपल्या बसचालकाचा हा भार फार पूर्वी उतरवला. १९५६ पासून तिथल्या रस्त्यांवर धावू लागलेल्या ‘रूटमास्टर’ या लाल दुमजली बसला क्लचचे पेडलच नव्हते. आपल्याकडे मात्र रविवारी कुटुंबाला घेऊन लोणावळ्यापर्यंत जाणाऱ्या मालकाला हे सुख आधी मिळाले आणि एसटीचा चालक अजून वाट पाहत आहे.

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, २०२२ मध्ये महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावली. या दोन बसमधल्या ७४ वर्षांच्या अंतराचे वर्णन करताना धूर व आवाज यांविषयी पुष्कळ बोलले गेले. चालकाच्या पायाखालचे एक पेडल नाहीसे झाले याची दखल क्वचितच घेतली गेली. विजेच्या बस हळूहळू वाढतील हे खरे. परंतु त्या बहुतांशी कंत्राटी पद्धतीने येत आहेत आणि त्यांवरचे चालकही सामान्यतः कंत्राटदाराचे असतात. महामंडळाच्या स्वतःच्या चालकाच्या वाट्याला डिझेलची बसच राहते, आणि तिचे आयुष्य अजून बरीच वर्षे आहे.

स्वयंचलित गिअरची बस महाग पडते आणि तिच्या दुरुस्तीसाठी आगारांतल्या कारागिरांना नव्याने शिकवावे लागते, ही अडचण खोटी नाही. पण जुनीच गिअरपेटी ठेवून क्लच तेवढा यंत्राकडे देण्याचा जो स्वस्त मार्ग छोट्या मोटारीला सापडला, तो मोठ्या वाहनांसाठीही उपलब्ध आहे. शिवाय चालकाच्या सुखसोयीसाठी कायदा करता येत नाही असेही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींची चालक-केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असे केंद्र सरकारने ठरवले. उन्हाने तापलेल्या चालकाच्या हातून चूक होते हे सरकारला पटले असेल, तर थकलेल्या पायाच्या चालकाच्या हातूनही ती होते हे पटायला हरकत नसावी. यापुढे सार्वजनिक पैशाने शहरांसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या बसच्या निविदेत क्लच नसल्याची अट असली पाहिजे.

खाजगी गाडीत दोन पेडले असावीत की तीन, हे ज्याचे त्याने आपल्या खिशाकडे व घाटरस्त्याकडे पाहून ठरवावे. तिथे कोणी कोणाला हिणवण्याचे कारण नाही. मात्र परवाना देताना माणसाला नेमके काय येते ते पाहणे आणि जो इतरांना वाहून नेतो त्याचे अंग शाबूत ठेवणे, ही कामे बाजार करणार नाही. ती शासनाची आहेत आणि ती व्हायला आधीच उशीर झाला आहे.