दुसरीचं कोकरू आणि आपली अहिंसा



मोहोळच्या आसपास पिकं निघाली की रानात धनगरांची मेंढरं बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. मेंढ्या व्यायला लागल्या की त्या वाड्यावर एक काम चालतं, ते आपल्यातल्या थोड्याचजणींना ठाऊक असेल. आई मेलेलं किंवा जुळ्यातलं उपाशी राहणारं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं.

हे सोपं नसतं. मेंढी पिल्लू वासावरून ओळखते, आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच तो वास तिच्या मनात पक्का बसतो. परकं कोकरू जवळ आलं की ती ढुशी मारते. म्हणून नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या पिल्लाच्या अंगावरचं चिकट पाणी पोरक्याच्या अंगाला चोळतात. तिचं स्वतःचं मेलं असेल तर त्याचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधण्याची रीत अनेक देशांत आहे. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या वासानेच पिल्लाला दूध मिळतं. तेही जमलं नाही तर मेंढीला काही दिवस बांधून पाजतात. चीक मात्र पहिल्याच दिवशी पोटात जायला हवा. रोगाशी लढायची ताकद कोकराला चिकातूनच मिळते, आणि एका दिवसानंतर त्याचं आतडं ती घेत नाही.

आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. मी कॉमर्सची, त्यामुळे आधी जमा बाजू दिसते: एका वेतात दोन कोकरं. पण मेंढीला सड दोनच, आणि दूध चाऱ्याप्रमाणे. चारा, वरचं दूध, रात्रीची जागरणं ही खर्चाची बाजू आहे. ती न धरता जुळ्यांचं कौतुक करणं हा अर्धाच हिशेब झाला.

आता आपल्या धर्माचं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपान रोखणं. इथे दोन समोरासमोर येतात. मेंढीला बांधलं तर बंध, न बांधलं तर कोकराचं अन्नपान थांबतं. मला वाटतं, उत्तर भावात आहे. त्याच सूत्रग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. दोर सैल बांधून, चारापाणी पुढ्यात ठेवून, पिल्लू स्वीकारताच सोडून देणाऱ्याच्या मनात प्रमाद नाही. दोर बांधून विसरून जाणाऱ्याच्या मनात आहे.

दुसरा प्रश्न जास्त टोचतो. हे कोकरू मोठं झालं की बहुधा खाटकाकडेच जाणार, मग आपण कशाला जीव लावायचा? पुढची हिंसा मला मान्य नाही, कधी होणारही नाही. पण उद्या त्याला कोणी मारेल म्हणून आज ते उपाशी राहिलं तर चालेल, हे मला पटत नाही. नेमिनाथांनी लग्नाच्या मांडवाकडे जाताना कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि रथ वळवला. त्यांच्यासमोर तेव्हा तो आक्रोश होता. आपल्यासमोर आज भूक आहे.

पर्युषणात आपण जीवदयेची पावती फाडतो. ती फाडावीच. पण आहारदान आणि औषधदान पावतीपुरतंच का असावं? आपल्या रानात वाडा बसला असेल तर कडब्याच्या चार पेंढ्या, पाण्याची टाकी, पोरक्या कोकरासाठी दूध आणि डॉक्टरांच्या औषधाचा खर्च एवढं आपल्याला सहज जमतं. दूध कसं आणि किती पाजायचं ते धनगराच्या बाईला विचारावं. त्यातलं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि पोरक्या जिवासाठी रात्री उठतेही तीच. तिच्याकडून शिकायला आपल्याला कमीपणा वाटू नये.