खालांच्या बारा चकरा

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला एका संध्याकाळी एक जुनं कार्ड घेऊन घरी आल्या. ‘‘बेटा, यात पुढची तारीख कोणती लिहिलीय, बघ जरा.’’ इंग्रजी अक्षर घाईत खरडलेलं होतं. तारीख वाचता वाचता कार्ड कशाचं आहे तेही मी वाचलं. एआरटी केंद्राचं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं. खालांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहितोय.

शौहर गेल्यावर झालेल्या तपासणीत त्यांना कळलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. एकही गोळी चुकलेली नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत रक्तात विषाणू सापडत नाही, आणि ज्याच्या रक्तात तो सापडत नाही त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते. वैद्यकीय भाषेत खाला ‘स्थिर’ रुग्ण आहेत. तरीही दर महिन्याला त्या पहाटेची एसटी धरतात, जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभ्या राहतात, तीस गोळ्यांची एक बाटली घेतात आणि अंधार पडता पडता घरी येतात. साड्यांना फॉल-पिको करून त्यांचं घर चालतं. त्या दिवशी मशीन बंद. महिलांना एसटीचं तिकीट 2023 पासून अर्धं झालं, पण दिवस पूर्णच जातो.

शेजारणींना त्या ‘शुगरची दवा आणायला जाते’ असं सांगतात. वर्षातून बारा वेळा तेच खोटं. रमजानमध्ये रोजा ठेवून तीच रांग. आणि दर वेळी धाकधूक, की ओळखीचं कुणी त्याच दारासमोरून गेलं तर?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण रांगा आणि साठा यांचा हिशेब थोडाफार कळतो. एका केंद्रात हजार स्थिर रुग्ण असतील तर दर महिन्याच्या पद्धतीने वर्षाला बारा हजार चकरा होतात. तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं तर चार हजार, सहा महिन्यांचं दिलं तर दोन हजार. गोळ्या तितक्याच लागतात. माणसाला रोज एकच गोळी घ्यायची आहे, ती केंद्राच्या कपाटातून येवो की घरच्या. जास्तीचा साठा लागतो तो फक्त सुरुवातीला, एकदाच, आणि तोही सगळ्यांना एकाच महिन्यात न देता टप्प्याटप्प्याने दिला तर पेलतो. वाचलेला वेळ डॉक्टर आणि समुपदेशक ज्यांना खरंच हवा आहे त्यांना देऊ शकतात: नुकतंच निदान झालेला घाबरलेला पोरगा, औषध सोडून दिलेला माणूस, टीबीही झालेली बाई.

हे काही माझं डोकं चालवून काढलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच स्थिर रुग्णांना तीन ते सहा महिन्यांचं औषध द्यावं असं सांगितलं. इथिओपियात सहा महिन्यांनी एकदा येण्याची सोय झाली. मलावी आणि झांबियात रीतसर अभ्यास झाला. सहा महिन्यांचं औषध घरी नेणारे लोक उपचारातून गळाले नाहीत, उलट टिकले. आपल्याकडेही कोविडच्या काळात जे ‘अशक्य’ होतं ते काही आठवड्यांत शक्य झालं आणि अनेकांना एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. खालांनाही तेव्हा तीन महिन्यांचं मिळालं होतं. नॅकोच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन महिन्यांची तरतूद आहे. पण साठा असेल तर. हा ‘तर’ फार मोठा आहे.

2022 च्या जुलैमध्ये याच साठ्यासाठी एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत नॅकोच्या कार्यालयात धरणं देऊन बसली होती. महिन्याचं सोडा, काही दिवस पुरतील इतक्याच गोळ्या हातावर पडतात अशी त्यांची तक्रार होती. सरकार म्हणत होतं, साठा पुरेसा आहे. एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदासुद्धा औषध देण्याची जबाबदारी सरकारवर टाकताना ‘शक्य असेल तितकं’ असे शब्द जोडतो. दोन शब्द कमी असते तर बरं झालं असतं.

आणि हे औषध बनतं कुठे? आपल्याच देशात. 1935 मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सुरू केलेल्या सिप्लाचे यूसुफ हमीद यांनी 2001 मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केला आणि साऱ्या जगातल्या किमती कोसळल्या. आफ्रिकेतले लाखो लोक आज भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांवर जगतात. त्यांच्यातल्या कित्येकांना त्या सहा-सहा महिन्यांच्या मिळतात. आमच्या खालांना तीस.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच फालतू नाहीत. रुग्ण नजरेआड जाईल, खोकला-ताप लपून राहील, ही भीती खरी आहे. त्यासाठी मधे एक फोन करता येतो आणि वर्षाची रक्ततपासणी तर चालूच राहते. एका खोलीच्या घरात सहा बाटल्या लपवायच्या कुठे, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो खालांनीच काढला. काहींना महिन्याची भेट हवीही असते, कारण तिथेच मोकळेपणी बोलता येतं. म्हणून सक्ती नको. विचारा आणि ज्याला जितकं हवं तितकं द्या.

पण ज्याला हवंय त्याचं काय? बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. त्याचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा. फडातून दर महिन्याला गावच्या केंद्रावर तो कसा येणार? दुसऱ्या केंद्रातून घेण्याची सोय कागदावर असते, पण तिथे मुकादमाला रजेचं कारण सांगावं लागतं. मग गोळ्या तुटतात, आणि कार्डावर शेरा पडतो की रुग्ण अनियमित.

माझी मागणी साधी आहे. स्थिर रुग्णांना, त्यांची इच्छा असेल तर, तीन महिन्यांचं औषध आजच नियम म्हणून द्या आणि सहा महिन्यांकडे जाण्याची तारीख ठरवा. प्रत्येक केंद्रात कोणतं औषध किती दिवसांचं शिल्लक आहे ते जाहीर करा. त्यात कुणा रुग्णाचं नाव उघड होत नाही, आणि असं पान बनवायला आमच्यासारख्यांना फार दिवस लागत नाहीत.

मागच्या खेपेला मी खालांसोबत गेलो होतो. खिडकीवर विचारलं, ‘‘तीन महिन्यांचं मिळेल का?’’ आतल्या बाईंच्या मागे रांग होती, समोर रांग होती. त्या म्हणाल्या, ‘‘स्टॉक आला की बघू.’’ मी आणखी काही बोलणार तेवढ्यात खालांनी माझी बाही ओढली. ‘‘राहू दे बेटा. त्या नाराज झाल्या तर पुढच्या महिन्यात मलाच यायचंय.’’