शेजारच्या पोरीचं तिकीट

गेल्या मे महिन्यात चार दिवस सोलापूरला गेलो होतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मामाकडून भाचरांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. भाची सहा वर्षांची, भाचा चार. मी बॅग खाली ठेवायच्या आत दोघांनी निकाल सांगितला: मामा आपल्याला गेम झोनला नेणार.

ताईच्या घराच्या खालच्या खोलीत एक कुटुंब भाड्याने राहतं. नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळते, मुलगी भाचीच्याच वयाची. आम्ही जिना उतरलो तेव्हा ही पोरगी आधीच फाटकापाशी उभी. केस विंचरलेले, पायात सणाच्या सँडल. तिला कुणी बोलावलं नव्हतं. भाचीने फक्त ‘आम्ही चाललोय’ एवढं सांगितलं होतं. सहाव्या वर्षी तेवढंच निमंत्रण पुरतं.

ताईने मला बाजूला घेतलं. “तिला नको न्यायला.”

“का गं? एक तिकीट जास्त. मी काढतो की.”

“तू काढशील आणि पुण्याला निघून जाशील. तिची आई उद्या पैसे घेऊन वर येणार. नाही जमले तर महिनाभर माझ्याकडं मान वर करून बघणार नाही. कशाला अवघडवतोस तिला?”

ताई कंजूष नाही, दुष्ट तर अजिबात नाही. ती बरोबर बोलत होती, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे. आम्ही गेलो. एका मुलाचे तासाला चारशे रुपये, वर पकड असलेले मोजे पन्नास रुपयांचे. मोजे तिथलेच घ्यावे लागतात. मनगटावर कागदी पट्टा, भिंतीवर उलटं धावणारं घड्याळ. खालच्या बाईने दिवसभर बसून हजार विड्या वळल्या तरी तिच्या मुलीचा हा एक तास आणि ते मोजे निघत नाहीत. आम्ही परत आलो तेव्हा पोरगी पायरीवर बसलेली होती. भाच्याने तिला मनगटावरचा पट्टा दाखवला. ती म्हणाली, “मला बी आहे घरात.” तिच्या घरात तसलं काही नव्हतं.

तेव्हापासून एक भांडण डोक्यात घेऊन फिरतोय. ते गेम झोनवाल्याशी नाही. तो धंदा करतो, करू दे. भांडण तुमच्या-माझ्यासारख्यांशी आहे आणि या शहराच्या कारभाराशी आहे. माझं म्हणणं सोपं आहे: ज्या फिरण्यात निघताना पोरं मोजावी लागतात, ते लहान मुलांचं फिरणं नव्हे. आणि ज्या शहरात असलंच फिरणं शिल्लक राहतं, ते शहर आपल्या निम्म्याहून अधिक पोरांना पायरीवर बसवून ठेवतं.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. सुटीच्या दिवशी संध्याकाळी ते आम्हाला सिद्धेश्वर तलावावर न्यायचे. ‘आम्हाला’ म्हणजे कुणाला, हे निघेपर्यंत ठरलेलं नसायचं. आम्ही दोघं, चुलत भाऊ, शेजारचे दोघं-तिघं, कधी कुणाचा गावाकडून आलेला भाचा. शेजारणी आपापल्या पोरांची तोंडं धुवून रस्त्यावर सोडून द्यायच्या. पायी जायचं. देवळात नमस्कार करायचा, तलावाच्या काठाने फिरायचं, किल्ल्याची तटबंदी डाव्या हाताला की उजव्या यावरून वाद घालायचे. शेवटी बर्फगोळा. पैसे कमी असले तर दोघांत एक, त्यातही लाल रंग आधी कोण ओढणार यावरून मारामारी. येताना कुणाच्या तरी आईने दिलेले चुरमुरे-शेंगदाणे संपवायचे.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, झालं सुरू, ‘आमच्या वेळी’चं पुराण. तसं नाही. मी गरिबीचं कौतुक करत नाही. त्या गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा असायचा हे मला आज कळतं. वडिलांचे कान मागाच्या खडखडाटाने गेले. त्यात रम्य काही नाही. पण त्या फिरण्याचं गणित बघा. आठवं पोरगं आलं तर खर्च एका गोळ्याने वाढायचा, आणि ज्याच्या घरी तेवढेही पैसे नसत, त्याची आई चुरमुरे द्यायची. म्हणजे प्रत्येक घर काहीतरी घालू शकत होतं. कुणावर उपकार होत नव्हता. चारशेच्या तिकिटात असं काही घालता येत नाही. तिथे एक तर पैसे द्या, नाहीतर उपकार घ्या, नाहीतर घरी बसा. खालच्या बाईने तिसरा मार्ग घेतला, म्हणजे आम्ही तो तिच्या वतीने घेतला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे जो वापरकर्ता डिझाइनमध्ये बसत नाही त्याला ‘एज केस’ म्हणतात आणि त्याचं काम पुढच्या स्प्रिंटला ढकलतात. विड्या आणि यंत्रमागाच्या गावात ती पोरगी एज केस नाही. एज केस मी आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला माझ्याच मित्रांचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढला तर एकाने लगेच लिहिलं, “काय बे, सोलापुरात आहेच काय पोरांना न्यायला?” मीही दहा वर्षं हेच वाक्य बोलत आलो. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रत्येक इंजिनिअर ते दौंडच्या आत एकदा तरी बोलतो. पण त्या गाडीला हे नाव का, हे यातल्या किती जणांनी आपल्या पोरांना सांगितलंय? गावात चार पुतळे उभे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. सहा वर्षांच्या मुलीला पुतळ्यासमोर उभं केलं की ती विचारते, “हे चौघं कोण? मित्र होते का?” उलटं धावणाऱ्या घड्याळाखाली असला प्रश्न येत नाही.

आहे काय म्हणता? शहराच्या मध्यावर तलाव आहे, तलावात देऊळ आहे, काठाला भुईकोट किल्ला आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसतं. एवढं त्या खात्यालाही कळतं. विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, थंडीत तिथे पक्षी दिसतात. रेल्वे स्टेशन आहे. चार वर्षांच्या पोराला वंदे भारत फलाटावर येताना बघण्याहून मोठा सोहळा नसतो. संक्रांतीला गड्डा आहे. होम मैदानावर आकाशपाळण्यात बसायला पैसे पडतात हे खरं, पण नंदीध्वज बघायला, गर्दीत बापाच्या खांद्यावर बसायला, शोभेच्या दारूकामाला तोंड उघडं टाकायला पडत नाहीत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं चारही भाषांतून ‘हे घ्या की’ म्हणणारं पोर तिथेच तयार होतं. नसतील तर आपले पाय नसतील, जागा आहेत.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो खरा आहे. ताई म्हणाली, “तुझं बोलणं बरोबर. पण मे महिन्यात पोरं कुठं नेऊ? बाहेर लघवीची सोय कुठं आहे? धाकट्याला शी लागली तर? तिथं एसी आहे, बाथरूम आहे, गाडीखाली यायची भीती नाही.” याला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. अशा गावात बागेची वेळ कुठली हवी? ऊन उतरल्यावर साडेसहापासून रात्री दहापर्यंत. त्या वेळी मी भाचरांना घेऊन एका बागेत गेलो, तर फाटकाला कुलूप. दुसऱ्या ठिकाणी घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, झोपाळ्याची साखळी आहे पण पाट नाही. तिसरीकडे ‘हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये’ अशी पाटी, आणि सेल्फीसाठी शहराच्या नावाची चकचकीत अक्षरं मात्र दिव्यांनी उजळलेली.

पण मग भांडण कुणाशी हवं? ताईला हवं ते स्वच्छतागृह, सावली, पाणी आणि राखणदार. हे काही एसी हॉलचे मक्ते नाहीत, कुठल्याही बागेत असू शकतात. आणि बंद हॉल म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. सुरक्षितता तिकिटाने येत नाही. कुणीतरी तपासणी करावी लागते.

पैसा नाही, असंही म्हणू नका. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं होतं. आणि मुलांच्या खेळाला पैसा लागतो हाच मुळात गैरसमज आहे. दुसऱ्या महायुद्धात पिळवटून निघालेल्या ॲमस्टरडॅममध्ये १९४७ साली आल्डो व्हान आयक नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराने एका छोट्या चौकात वाळूचा हौद, काही गोल ठोकळे आणि लोंबकळायला लोखंडी दांडे बसवले. लोक आपापल्या गल्लीसाठी तसंच मागायला लागले. १९७८ पर्यंत पालिकेसाठी त्याने सातशेहून अधिक क्रीडांगणं केली, बरीचशी मोकळ्या पडलेल्या बारक्या तुकड्यांवर. ना कारंजं, ना कमान, ना उद्‌घाटनाची मोठी कोनशिला. वाळू, दगड, पाइप. या तिन्ही गोष्टी सोलापुरात मिळतात.

जागाही आहे, कागदावर. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्याला आपण सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतो. तुमच्या सोसायटीची, नगराची ओपन स्पेस आता कुठे आहे, बघून या. तिथे गाड्या लागतात, मंडप पडतो, कुणाची तरी वाळू-खडी पडलेली असते, नाहीतर कुंपण घालून ‘खासगी मालमत्ता’ची पाटी असते. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात खेळणं हा मुलांचा हक्क म्हटलाय. तो हक्क या खडीखाली आहे.

आणि हे होऊ कुणी दिलं? इथे मला माझ्या जातभाईंशी, म्हणजे पगारदार तरुण मंडळींशी बोलायचंय. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली: एखादी व्यवस्था बिघडायला लागली की ज्याचा आवाज सर्वांत मोठा, तोच बहुधा सर्वांत आधी बाहेर पडतो. सरकारी शाळेचं हे झालं, एसटीचं झालं, नळाच्या पाण्याचं झालं. बागेचंही तेच. झोपाळ्याचा पाट तुटला तेव्हा अर्ज लिहू शकणारा, नगरसेवकाला फोन करू शकणारा, फोटो काढून टाकू शकणारा माणूस आपण होतो. आपण चारशे रुपये भरले आणि सुटलो. मागे राहिले ते लोक, ज्यांना पाळी चुकवून अर्ज द्यायला जाणं परवडत नाही. आपण फक्त आपल्या पोरांचं तिकीट काढलं नाही, बाकीच्यांच्या बागेतून आपला आवाजही काढून घेतला. वर त्या तासाला ‘क्वालिटी टाइम’ म्हणतो, आणि त्यातली चाळीस मिनिटं काचेबाहेर बसून रील बघतो. मीही तेच केलं. दोन कॉलही घेतले.

म्हणून आता बोलण्यापेक्षा दोन कामं सांगतो. एक, तुमच्या लेआउटचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाची फी दहा रुपये, म्हणजे साध्या बर्फगोळ्याहून स्वस्त. नकाशात ओपन स्पेस कुठे आहे बघा आणि मग पोरं घेऊन तिथे जा. आधी वाळूचा एक ढीग मागा, कारंजं नको. मी ताईच्या नगराचा अर्ज टाकलाय. दोन, महिन्यातून एक संध्याकाळ अशी काढा की निघताना पोरं मोजायची नाहीत.

नोव्हेंबरात गेलो तेव्हा तशी काढली. फाटकाबाहेर पडताना तिघं होते, कोपऱ्यावर पाच झाले. तलावाच्या काठाने फिरलो, चार पुतळ्यांपाशी थांबलो, भाच्याने दोनदा ‘दमलो’ म्हणून खांदा मिळवला. आम्ही निघताना खालच्या बाईने न बोलता हातात डबा दिला होता. आत सुशीला होती, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर पेरलेली. पाचही जणांनी पायरीवर बसून चमच्याविना संपवली. घरी आल्यावर मी डबा धुऊन परत द्यायला निघालो, तर ताई ओरडली, “रिकामा देतात का कधी?” आणि त्यात चार शेंगापोळ्या घातल्या.

गेम झोनचे मोजे अजून ताईच्या कपाटात आहेत. भाच्याला ते आता होत नाहीत आणि घरात फरशीवर घातले तर ताई रागावते.