पंढरीच्या वाटा कोणासाठी रुंद करायच्या?

पंढरपूर सुधारले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या गावाची लोकसंख्या सुमारे एक लाख भरली, त्या गावात आषाढीला दहा लाखांहून अधिक माणसे येतात. महाद्वारापासून घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्या दिवसांत माणूस चालत नाही. मागची गर्दी त्याला पुढे ढकलीत नेते. दर्शनाची रांग पार गोपाळपुरापर्यंत जाते. त्या रांगेत एखाद्या म्हातारीला भोवळ आली, तर तिला उचलून न्यायला वाट कोठून काढायची, हा प्रश्न स्वयंसेवकांना दरसाल पडतो. तेव्हा रस्तारुंदीचे नाव काढताच अंगावर धावून जाणे, हे काही आपल्या भूमिकेला शोभणारे नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत ‘सुधारणा’ या शब्दाचा जो अर्थ रूढ होऊ लागला आहे, त्याची झडती घेणे आवश्यक आहे. काशीला विश्वनाथाच्या मंदिरापासून गंगेपर्यंतचा परिसर मोकळा करण्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता शासनाने ताब्यात घेतल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्या कॉरिडॉरचे थाटाने उद्घाटन झाले. लगेच २०२२ मध्ये पंढरपुरालाही तसाच कॉरिडॉर करण्याची भाषा सुरू झाली. गावात बंद पाळले गेले, मोर्चे निघाले, आराखड्यांवर वाद झडले. त्या वादांत एक मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. या गावी येतो तो कोण, आणि त्याला हवे आहे काय?

वारकरी हा पर्यटक नव्हे. आळंदीहून वा देहूहून निघून तो अडीच-तीन आठवडे चालत येतो. दुरून कळस दिसावा म्हणून समोरची घरे पाडा, असे त्याने कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्याला पाठ टेकायला कोरडी जागा हवी, प्यायला पाणी हवे, स्नानाला नदी हवी, बरोबरच्या बायांना आडोसा हवा. यांतली पाठ टेकण्याची जागा आजवर त्याला कोणी दिली? देवळाभोवतीच्या जुन्या वाड्यांनी, मठांनी आणि धर्मशाळांनी दिली. पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या घरी ठरलेली दिंडी उतरते. ओसरीवर, माळवदावर, जिथे जागा मिळेल तिथे पथारी पडते. म्हणजे ज्या घरांना आराखड्यात ‘अडथळा’ म्हटले जाते, ती घरे हीच गरीब यात्रेकरूची सराई आहे. ती पाडून मोकळ्या केलेल्या जागेच्या कडेला उद्या जे उभे राहील, त्याचे एका रात्रीचे भाडे बीड-परभणीच्या शेतमजुराला परवडणार आहे काय? पाहुण्यांची सोय करायची म्हणून पाहुण्याचेच अंथरूण काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट भाडेकरूंची. मंदिर परिसरातील कित्येक दुकाने चालविणारे स्वतः जागेचे मालक नाहीत. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, टाळ आणि पखवाज विकणारा माणूस पिढीजात भाडेकरू आहे. त्याच्या पुढ्यात, पायरीवर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचे नाव तर कोणत्याच कागदावर नाही. मोबदल्याची बोलणी सुरू झाली की ती सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहून होतात. वस्तुतः २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागेवर ज्याची मुख्य उपजीविका चालत आली आहे, अशा भाडेकरूलाही स्थान दिले आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण पुरे होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना हलवण्यास मनाई केली आहे. कायदे चांगले आहेत. परंतु कायदा टोपलीपर्यंत आपण होऊन चालत येत नाही. तो तिथवर पोहोचविण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे, आणि या कामात आपण मागे पडलो आहोत असे माझे मत आहे. तीर्थक्षेत्र म्हणजे भाविकांचा आणि पुजाऱ्यांचा विषय, अशी काहीशी सोवळी वृत्ती आपल्यात शिरली आहे. कॉरिडॉरला विरोध करणाऱ्यांत बडे जागामालकही आहेत आणि त्यांचा हिशेब निराळा आहे, हे खरे. पण म्हणून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भाडेकरूचा प्रश्न खोटा ठरत नाही.

सुधारणेचे अग्रक्रम चुकले की काय होते, हे चंद्रभागेच्या काठी पाहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि तिच्या आडोशाला थांबलेली सहा माणसे गाडली गेली. घाट नवा होता, बांधकाम अजून चालूच होते. आणि नदीचे काय? ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा २०१६ साली झाली. वर उजनीच्या धरणात पाणी अडते. ते सुटले नाही तर वारीच्या तोंडावरही पात्रात डबकी दिसतात. सुटले तर वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांत स्नानाला उतरलेला माणूस बुडतो. त्यात गावोगावचे सांडपाणी. काठावर कितीही घडीव दगड बसवला, तरी वारकरी पाय बुडवतो तो पाण्यात.

आणि आता त्या विषयाकडे येऊ, ज्याचा उच्चार उद्घाटनाच्या भाषणांत होत नाही. लाखो माणसे एका गावात चार दिवस राहिली की मैला होतो, आणि तो कोणीतरी उचलतो. कोण उचलतो, हे महाराष्ट्रात सांगावे लागू नये. पंढरपुरातील हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, न्यायालयाने वाळवंटातील मुक्कामाविषयी आणि शौचालयांविषयी शासनाचे कान उपटले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. नदीपलीकडच्या पासष्ट एकरांवर तंबूंची, पाण्याची, शौचालयांची सोय झाली. गेल्या दहा-बारा वर्षांत पंढरपुरात झालेली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे विचारले तर मी निःसंकोचपणे या पासष्ट एकरांकडे बोट दाखवीन. त्यासाठी गावातले एकही राहते घर पाडावे लागले नाही. अशा जागा गावाच्या चारही बाजूंना का नसाव्यात? आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना त्या गजबजतील. एरवी तीच मैदाने पोरांना खेळायला आणि आठवडी बाजाराला राहतील. गाडगेबाबांनी याच वाळवंटात खराटा चालवला आणि अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी करून पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूची सोय म्हणजे काय, याची जाण त्या अक्षरशत्रू माणसाला आजच्या सल्लागार कंपन्यांहून अधिक होती.

प्रवेशाचा प्रश्न केवळ रुंदीचा नसतो, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, ते महाद्वार अरुंद होते म्हणून नव्हे. दहा दिवसांनी ते दार हरिजनांसाठी उघडले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ मध्ये झाला, आणि त्यावरचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला जानेवारी २०१४ उजाडले. त्यानंतर पूजेला सर्व जातींतील माणसे आणि स्त्रियाही घेण्यात आल्या. हे सारे झाले. तरीही वशिल्याची चिठ्ठी घेऊन येणारा अर्ध्या घटकेत पायांवर डोके ठेवून बाहेर पडतो आणि रांगेतला माणूस पंधरा-वीस तास उभा राहतो. महाद्वार कितीही रुंद केले, तरी हे अंतर कमी व्हायचे नाही. कदाचित गाड्या देवळाच्या आणखी जवळ आणता येतील, एवढेच.

रस्ते कोठेच रुंद करू नयेत असे माझे म्हणणे नाही. प्रदक्षिणा मार्गावर रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांना वाट मिळालीच पाहिजे, आणि त्यासाठी काही घरे मागे घ्यावी लागली तर ते काम व्हावे. पण आधी भाडेकरू, फेरीवाले आणि सफाई कामगार यांची यादी व्हावी, ती नगरपालिकेच्या फलकावर लागावी, जाहीर सभेत वाचली जावी. नाव राहिलेल्याला हरकत घ्यायला मुदत मिळावी. पर्यायी गाळा प्रत्यक्ष ताब्यात आल्यावाचून जुन्या दुकानाच्या कुलपाला हात लागू नये. सोलापूर जिल्ह्यातील आपल्या साथींनी शासनाच्या यादीची वाट न पाहता कार्तिकीपूर्वी स्वतःच घरोघर फिरून ही यादी करायला घ्यावी. महाद्वारापासून सुरुवात केली, तर चार कार्यकर्त्यांना पंधरा दिवस पुरतील.